लिमलेटची गोळी: एक तर चिकटते, नाहीतर रवाळ होते. नेमकं कुठे बिघडतंय?

चिंचबन

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाचं स्नेहसंमेलन आहे आणि प्रत्येकाला लिमलेटच्या गोळ्यांची कागदी पुडी द्यायचं ठरलंय. कागदात गुंडाळलेली गोल गुळगुळीत गोळी नकोय. शाळेसमोरच्या टपरीवर काचेच्या बरणीत असायची ती हवी: संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, नारिंगी, बाहेरून साखरेचा भुरका, तोंडात टाकली की आधी गोड, मग डोळे मिटायला लावणारी आंबट, आणि चघळत गेलं की टाळूला खरखरणारी. साधारण 200 नग लागतील.

सध्याचं प्रमाण असं: 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी, 4 मोठे चमचे लिंबाचा रस पहिल्यापासून पाकात, शेवटी खायचा रंग आणि ऑरेंज इसेन्स. डिजिटल थर्मामीटर आहे, 140 अंशांना गॅस बंद करते. गोळी रात्री कडक असते, सकाळी बोटाला चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी बरणीत सगळ्या गोळ्यांचा मिळून एक ढेकूळ. लिंबाचा रस कमी केला तर ताटात ओतता ओतताच पाक पांढरा पडतो आणि त्याची परत साखर होते. शिवाय तेव्हा आंबटपणा जवळजवळ लागतच नाही. मुक्काम पुणे. प्रमाण आणि तापमान दोन्ही नीट सांगाल का?

तारबंद

ताई, तुमच्या कृतीत तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. म्हणून एक सुधारली की दुसरी उघडी पडते. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली तापमानाची. कडक गोळी म्हणजे साखरेची काच. ही काच व्हायला पाकातलं पाणी 2 टक्क्यांच्या आसपास यावं लागतं आणि ते साधारण 149-150 अंशांना येतं. 140 ला उतरवलेल्या पाकात याहून बरंच पाणी शिल्लक असतं. अशी गोळी गार झाल्यावर कडक वाटते, पण हवेतली ओल जरा लागली की लगेच मऊ पडते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे. तिथे पाणी 98 अंशांना उकळतं, त्यामुळे पाकाचा आकडाही 2 अंशांनी खाली धरायचा. मुंबईत 150, तर पुण्यात आणि नाशकात 148. महाबळेश्वरला कोणी करत असेल तर 145-146. आणि हे सगळं थर्मामीटर बरोबर असेल तर. तो आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. पुण्यात 98 दाखवला तर ठीक, 95 दाखवला तर तो 3 अंश कमी दाखवतोय असं समजून हिशेब करा. टोक भांड्याच्या तळाला टेकता कामा नये, तळ पाकापेक्षा गरम असतो.

दुसरी अडचण लिंबाच्या रसाची, आणि तुमचा चिकटपणा मुख्यतः इथूनच येतोय. आंबट पदार्थासोबत साखर उकळली की ती फुटते आणि तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. यातलं फ्रुक्टोज हवेतली ओल फार जोरात ओढतं. लिंबाच्या रसात 5-6 टक्के सायट्रिक ॲसिड असतं. 4 मोठे चमचे, म्हणजे 60 मिली रसात ते 3 ग्रॅमच्या पुढे गेलं. ते पहिल्यापासून उकळवलं तर साखरेचा मोठा भाग फुटतो. मग तुम्ही 150 पर्यंत जरी नेलंत तरी गोळी चिकटणारच.

तिसरी, साखर परत येण्याची. 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 200 ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. आपण जवळजवळ पाणीच नसलेला पाक करतोय, त्यामुळे एखादा कण सापडला की सगळी साखर त्याच्याभोवती जमून रवाळ होते. फुटलेली साखर हे थांबवते. म्हणूनच रस कमी केल्यावर तुमचा पाक पांढरा पडला. दोन्ही संकटं टाळायची तर रसाचं काम लिक्विड ग्लुकोजला द्या. ते मक्याच्या स्टार्चपासून होतं आणि त्यातल्या लांब साखळ्या साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाहीत. केकचं साहित्य मिळतं त्या दुकानात डब्यात मिळतं. ते इतकं घट्ट असतं की चमच्याला चिकटून बसतं, म्हणून बोटं ओली करून काढा.

एका घाण्याचं प्रमाण:

साखर 500 ग्रॅम, साधी दाणेदार
लिक्विड ग्लुकोज 175 ग्रॅम
पाणी 160 मिली
सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, 6 ते 7 ग्रॅम
संत्र्याचं खाण्याचं तेल 1 मिली, नाहीतर इसेन्स
रंग अगदी थोडा

यातून सुमारे 650 ग्रॅम माल निघतो. 5 ग्रॅमची एक गोळी धरली तर 125-130 नग. म्हणजे तुमच्या 200 गोळ्यांना दोन घाणे लागतील, आणि ते वेगवेगळेच करा. दुप्पट पाक एकदम केला तर आकार देऊन होण्याआधी निम्मा कडक होतो.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं, किमान 3 लिटरचं घ्या, कारण पाक फेसाळून वर येतो. साखर, पाणी, ग्लुकोज मंद आचेवर ढवळत पूर्ण विरघळवा. तळाला बोटाने वाटावा असा एकही कण राहता कामा नये, आणि हे उकळी फुटायच्या आधी व्हायला हवं. उकळी आली की ढवळणं बंद. 2 मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडेचे कण धुऊन खाली जातात. झाकण काढल्यावर कडेला काही राहिलं असेल तर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पुसा. मग मध्यम ते मोठी आच. 105 ते 110 मध्ये आकडा रेंगाळतो. तिथे पाणी उडत असतं, घाई करू नका. 140 नंतर मात्र तो झरझर चढतो, तेव्हा आच कमी करा. सगळं मिळून 20-25 मिनिटांत व्हायला हवं. 40 मिनिटं मंद शिजवलं तर पाक पिवळट होतो, आणि थोडी साखर उगीच फुटते.

148 ला गॅस बंद. भांड्याचं बूड 5 सेकंद गार पाण्याच्या परातीत टेकवा, नाहीतर बुडातल्या उष्णतेने आकडा पुढे 155 पर्यंत जातो. बुडबुडे शांत होऊन पाक 130 च्या आसपास आला की तेल लावलेल्या ताटात ओता, आणि लिंबूसत्व तेव्हा घाला. बारीक पूड करून वर भुरभुरवायचं आणि कडा आत घडी घालत मिसळायचं. उशिरा घातलं की साखर फोडायला त्याला वेळच मिळत नाही. सगळा आंबटपणा जिभेसाठी शिल्लक राहतो आणि गोळी कोरडी राहते. जुन्या गोळीची ती करकरीत आंबट चव याच एका पायरीवर ठरते.

वजनकाटा वापरा. चमच्याने लिंबूसत्व मोजलं तर पूड किती बारीक आहे त्यावर दीडपट फरक पडतो.

ओटा_आणि_परात

तारबंद यांनी पाक नीट सांगितला आहेच. मी आकाराबद्दल लिहितो, कारण टाळूला खरखरणं ही गोष्ट आकार देण्याच्या पद्धतीतून येते.

साच्यात ओतलेली गोळी आतून एकसंध असते, ती चघळताना शेवटपर्यंत गुळगुळीत राहते. जुन्या गोळीचा पाक हाताने मळलेला आणि ओढलेला असायचा, त्यामुळे आत हवेच्या बारीक नळ्या राहायच्या. गोळी विरघळत गेली की या नळ्या उघड्या पडतात आणि त्यांच्या कडा टाळूला लागतात. तेव्हा सिलिकॉनचे साचे बाजूला ठेवा.

ताट जाड स्टीलचं घ्या, नाहीतर सिलिकॉनची चटई. ग्रॅनाइटच्या ओट्यावर 130 अंशांचा पाक थेट ओतू नका, थंडीत दगडाला चीर जाऊ शकते. शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलाचं बोट फिरवा, इतकंच. तूप लावलं तर ते गोठून गोळीवर पांढरे डाग धरतं आणि महिनाभराने वासही येतो.

ओतलेल्या पाकाच्या कडा आधी थिजतात. तेल लावलेल्या सुरीने किंवा उलथन्याने कडा उचलून मध्ये घडी घालत राहा. 5-7 मिनिटांत सगळा गोळा सारखा होतो आणि घट्ट कणकेसारखा हातात घेता येतो. तेव्हा तो 80-90 अंशांना असतो, म्हणजे उघड्या हाताला भाजणारच. आत सुती हातमोजे, वर नायट्राइलचे, आणि वरच्यांना तेलाचं बोट.

आता फोड. रंग घालायच्या आधीच पाकाचा पाव भाग वेगळ्या ताटात ओतून ठेवा आणि उरलेल्यात रंग मिसळा. बिनरंगी भागातही त्याच्या वाट्याचं लिंबूसत्व घालायला विसरू नका. हा भाग दोन हातांत लांब ओढा, दुमडा, परत ओढा. 40-50 वेळा ओढल्यावर आत हवा भरून तो रेशमी पांढरा होतो. नारिंगी भागही 10-12 वेळा ओढा, जास्त नको, नाहीतर रंग फिका पडतो. नारिंगी भागाची जाड वळकटी करा, पांढऱ्याची पट्टी लाटून तिच्या पाठीवर अर्धा वेढा द्या. ही झाली संत्र्याच्या सालीच्या आतली पांढरी बाजू. मग सगळी वळकटी हळूहळू ओढून साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीची करा आणि तेल लावलेल्या कात्रीने अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे कापा. कापल्याबरोबर प्रत्येक तुकडा पांढऱ्या बाजूने चिमटीत वाकवला की फोडीचा आकार येतो.

हे एकट्या माणसाचं काम नाही. एक ओढणारा, एक कापणारा, एक वाकवणारा असे तिघे तरी हवेत. एकटं करायचं तर 250 ग्रॅम साखरेचा घाणा घ्या. उरलेला गोळा गरम ठेवायला ओव्हन 90 अंशांना लावून त्यात तेल लावलेल्या ट्रेवर ठेवता येतो. वाफेवर मात्र ठेवू नका. वाफ म्हणजे पाणी, वरचा थर लगेच चिकट होईल.

जुन्या लहान कारखान्यांत हेच काम हाताने फिरवायच्या पितळी रोलरवर व्हायचं. दोन रोलरवर आकार कोरलेले, मधून पाकाची पट्टी सोडायची. दुसऱ्या बाजूने गोळ्यांची सलग चादर बाहेर यायची आणि गार झाल्यावर ती आपटून गोळ्या सुट्या करायच्या. गोळीच्या कडेला जी पातळ धारदार किनार असायची ती या चादरीची. कात्रीने कापलेल्या गोळीला ती येणार नाही, एवढा फरक राहील.

मालेगाव_फाटा

थोडी माहिती बरण्यांची. पार्ले कंपनीची सुरुवात 1929 मध्ये विलेपार्ल्यात झाली ती गोळ्या-चॉकलेटांपासून, बिस्किटं त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी आली. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. वालचंद हिराचंद यांचा तिथला साखर कारखाना 1933 चा आणि रावळगाव नावाच्या गोळ्या 1942 पासूनच्या. ऊस, साखर आणि गोळी एकाच ठिकाणी. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी त्यांचीच नावं. 2024 मध्ये हे गोळ्यांचे ब्रँड 27 कोटी रुपयांना रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सकडे गेले.

चिंचबन ताईंच्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की मोठे कारखाने पाक निर्वात भांड्यात शिजवतात. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उडतं आणि पाक पाण्यासारखा स्वच्छ राहतो. घरी उघड्या भांड्यात 148-150 पर्यंत नेलेला पाक किंचित पिवळसर होणारच. नारिंगी गोळीत ते दिसत नाही, पण कोणी पांढरी पेपरमिंट किंवा हिरवी गोळी करायला घेतली तर हा पिवळेपणा रंग बिघडवतो. लिमलेट घरी करायला सोपी पडते त्याचं हे एक कारण.

चिंचबन

तारबंद, ओटा_आणि_परात, मालेगाव_फाटा, तिघांचेही मनापासून आभार. 140 आणि लिंबाचा रस, दोन्ही आजपासून बंद.

आणखी तीन शंका. लिक्विड ग्लुकोज मिळालं नाही तर दुसरं काही चालेल का? संत्र्याची साल किसून घातली तर खरा वास येईल का? आणि वरचा साखरेचा भुरका लावला की तो तासाभरात विरघळून ओला होतो, तो कोरडा कसा ठेवायचा?

सालीचं_तेल

मधल्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते.

किसलेली साल नको. तिच्यात पाणी आहे, आणि 150 अंशांच्या पाकात तिचे काळे ठिपके होतात. सुकवून पूड केली तर पाणी जातं, पण वासही जातो आणि कडवटपणा मागे राहतो. आपल्याला हवा आहे तो वास सालीवरच्या बारीक पुटकुळ्यांत असलेल्या तेलात असतो. साल दुमडून दिव्यापुढे दाबली की उडतो तो फवारा. तेच तेल गार दाबून काढलेलं, खाण्याजोगं म्हणून लेबल असलेलं विकत मिळतं. अत्तर किंवा मालिशच्या दुकानातलं संत्र्याचं तेल अजिबात वापरू नका, ते खाण्यासाठी नसतं.

650 ग्रॅम मालाला 1 मिली पुरतं. सिरिंजने मोजा, थेंबांवर भरवसा ठेवू नका. यातलं पाऊण भाग संत्र्याचं आणि पाव भाग लिंबाच्या सालीचं घेतलंत तर चव लिमलेटच्या फार जवळ जाते. नुसत्या संत्र्याच्या तेलाने गोळी गोडुस वासाची होते. लिंबाचं तेल त्याला टोक देतं.

दोन गोष्टी सांभाळा. हे तेल पन्नासेक अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, तेव्हा ते घालताना शेजारचा गॅससुद्धा बंद हवा. आणि ते पाक ताटात ओतल्यावर, लिंबूसत्वासोबतच घाला. उकळत्या पाकात घातलं तर सगळं स्वयंपाकघर घमघमतं आणि गोळीत काही उरत नाही. तुमच्या इसेन्सचंही तेच होत असणार. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, अंधारात ठेवा. जुनं झालेलं तेल टर्पेंटाइनसारखं वास मारतं आणि तो वास गोळीतून जात नाही.

रंगाबद्दल. कायद्याने अशा गोळीत कृत्रिम रंग किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तुमच्या घाण्याला ही मर्यादा 65 मिलिग्रॅम होते, म्हणजे सुरीच्या टोकावर मावेल इतकी पूड. घरगुती डब्यांतल्या पुडीत शुद्ध रंगद्रव्य थोडं आणि मीठ किंवा साखर जास्त असते, म्हणून लेबलवरचं प्रमाण वाचा. रंग अर्धा चमचा पाण्यात आधी विरघळवून घ्या. सगळ्या पाकाला एकच रंग द्यायचा असेल तर तो 135-140 ला भांड्यातच घाला, पाणी उडून जातं. पांढरी पट्टी करणार असाल तर पाव भाग आधी काढायचा आहे, मग जेल रंग ताटातच, सुईच्या टोकाने. सुटा, बिनलेबलचा भडक रंग आणूच नका. मेटॅनिल यलो, ऱ्होडामाइन बी यांसारखे कापडाचे रंग मिठाईत सापडतात ते अशाच पुड्यांतून. ऱ्होडामाइन बी सापडल्यामुळेच तामिळनाडूने 2024 मध्ये म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली.

हळदीने नारिंगी रंग येत नाही, पिवळा येतो आणि वासही लागतो.

तारबंद

लिक्विड ग्लुकोज नसेल तर क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे केकच्या सामानात मिळणारी आंबट पांढरी पूड. 500 ग्रॅम साखरेला पाव छोटा चमचा, पहिल्यापासून पाकात. तोही आंबटच आहे आणि साखर फोडूनच काम करतो, पण मोजका असल्याने आवाक्यात राहतो. बोअरच्या जड पाण्यात मात्र तो फसवतो. पाण्यातले क्षार त्याला मारून टाकतात आणि पाक परत रवाळ होतो. म्हणून या पद्धतीत फिल्टरचं पाणी घ्या. तरीही ग्लुकोजची गोळी जास्त टिकते. डिसेंबरपर्यंत वेळ आहे, ग्लुकोज मिळवाच.

मध घालू नका. त्यात फ्रुक्टोज भरपूर असतं. आणि ग्लुकोज चांगलं म्हणून 500 ला 250 ग्रॅमच्या वर नेऊ नका, गोळी दाताला चिकटायला लागते आणि गोडीही मंदावते.

थर्मामीटर ऐन वेळी बंद पडला तर पाण्याची वाटी. गॅस बंद करून पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. बोटांत मऊ गोळी होते ते 115-120. तार निघते पण वाकते ते 135-140, म्हणजे तुमचं सध्याचं. पाण्यातून काढलेली तार काचेसारखी टक्कन तुटली आणि दातांखाली धरल्यावर चिकटली नाही की 148 च्या पुढे आलात. परीक्षा घेताना गॅस चालू ठेवला तर तेवढ्या वेळात पाक पुढे जातो.

पाक रवाळ झाला आणि अजून लिंबूसत्व घातलेलं नसेल तर घाणा फुकट जात नाही. 150 मिली पाणी घालून परत विरघळवा आणि पहिल्यापासून उकळा. लिंबूसत्व पडल्यावर बिघडला तर मात्र परत उकळू नका, चिकटच होईल. तो पाण्यात विरघळवून सरबत करा, चव उत्तम लागते.

बरणीवाला

भुरक्याबद्दल. तो विरघळतो त्याची कारणं दोन: गोळी कोमट असताना साखर लावणं, आणि साखरेत लिंबूसत्व मिसळणं. आंबट भुरका मोहात पाडतो, पण लिंबूसत्व आणि साखर शेजारी शेजारी आली की दोघं मिळून हवेतली ओल खेचतात. कारखान्यांत यासाठी मेणाचा किंवा चरबीचा थर दिलेलं ॲसिड वापरतात, घरी ते जमणार नाही. आंबट आत ठेवा, बाहेर फक्त साखर. आधी गोड, मग आंबट हा क्रमही तुम्हाला तसाच हवा आहे.

गोळ्या पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे अर्धा ते पाऊण तास. चाळणीत घालून उकळत्या पाण्याच्या वाफेवरून 2-3 सेकंद फिरवा, फक्त ओलसर चमक यावी. लगेच बारीक दाण्याच्या साखरेत घोळवा. मिक्सरमध्ये एकदाच फिरवलेली साखर बरोबर पडते. अगदी पीठ झालेली पिठीसाखर पटकन विरघळते. मग ताटात एका थरात पसरून पंख्याखाली नव्हे, बंद कोरड्या खोलीत तासभर ठेवा आणि चाळून जास्तीची साखर काढा. एका घाण्याला 50-60 ग्रॅम साखर पुरते.

आता हवा. पावसाळ्यात पुण्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते, कोकणात त्याहून वर. त्या हवेत कुठलीही उघडी गोळी टिकत नाही, कितीही अचूक केलेली असो. सराव आताच करायचा असेल तर एसी लावलेल्या बंद खोलीत करा, आर्द्रता 50 च्या खाली आली की काम सुरू. डिसेंबरात पुण्यात दुपारी हवा बऱ्यापैकी कोरडी असते, तेव्हा 12 ते 4 मध्ये उरका. पहाटे दव असताना नको. त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर कुकर, चहा, काही नको.

साठवण काचेच्या फिरकीच्या बरणीत, तळाला सिलिका जेलची पुडी, बरणी काठोकाठ भरलेली. अर्धी रिकामी बरणी म्हणजे आत तेवढी ओली हवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर गोळीवर पाणी सुटतं. अशी गोळी 3-4 आठवडे सहज छान राहते, म्हणजे संमेलनाच्या दहा दिवस आधी केली तरी चालेल.

पुडीचा मात्र विचार करा. वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थाला वापरायचा नाही, शाईतली द्रव्यं त्यात उतरतात. बाहेरून जुन्या पुडीचं रूप हवं असेल तर आत बटर पेपरची पुडी आणि बाहेर कोरा तपकिरी कागद. सकाळी भरून संध्याकाळी वाटा. आदल्या रात्री भरून ठेवल्या तर कागद हवा आत घेतो.

संत्रानगरी

नागपूरकडून एक भर. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा अगदी कोरडी, त्यामुळे ओलीची भीती नाही. पण पारा 45 ला जातो आणि तेवढ्या उष्णतेत ही साखरेची काच स्वतःच मऊ पडते. बरणीतल्या तळाच्या गोळ्या वरच्यांच्या वजनाने चपट्या होऊन चिकटतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात करणाऱ्यांनी पाक 2 अंश जास्त न्यावा, ग्लुकोज 175 ऐवजी 150 ग्रॅम घ्यावं आणि खोल बरणीऐवजी उथळ डब्यात दोनच थर ठेवावेत.

आणि दोन गोष्टी ज्या अजून कोणी लिहिल्या नाहीत. 150 अंशांचा पाक अंगावर उडाला तर तो चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. ओट्याशेजारी गार पाण्याची बादली आधीच भरून ठेवा. भाजलं तर चिकटलेला पाक ओढून काढू नका, वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा, तो आपोआप विरघळतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही लावू नका. फोड आला तर डॉक्टर.

दुसरं, संमेलनाला लोक मुलाबाळांना घेऊन येतील. अशी कडक गोळी 4-5 वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकते. त्यांच्यासाठी पुडीत राजगिऱ्याची वडी किंवा काहीतरी मऊ वेगळं ठेवा.

चिंचबन

सगळं वहीत उतरवून घेतलं. आधी एसीच्या खोलीत 250 ग्रॅमचा घाणा, पांढऱ्या पट्टीशिवाय. तिघांचे हात जमले की मग पट्टीसकट. लिंबूसत्व 6 ग्रॅमने सुरुवात करू की थेट 7?

तारबंद

250 ग्रॅमच्या घाण्याला 3 ग्रॅम. बाकी सगळंच निम्मं होतं: ग्लुकोज 88, पाणी 80, तेल अर्धा मिली. फक्त भांडं लहान घ्या, दीड लिटरचं. मोठ्या भांड्यात थोड्या पाकात थर्मामीटरचं टोक पुरेसं बुडत नाही आणि आकडा खोटा येतो. चव गोळी पूर्ण गार झाल्यावरच घ्या, कोमट असताना आंबट कमी लागतं. एक दिवस थांबून परत चाखा आणि तेव्हाही कमी वाटलं तर पुढच्या घाण्याला साडेतीन. पूर्ण घाण्याला 8 ग्रॅमच्या वर जाऊ नका. तिथून पुढे जीभ सोलते आणि गोळीही लवकर पाणी धरते.